तिसऱ्या माळ्याचं विरजण

लालबाग, मुंबई
गुरुवार, २७ जून

प्रिय नेरिसा,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. ओळखून न फोडता ठेवून दिलंस तरी माझी तक्रार नाही. पण तीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं लावण्यात गेली माझी, आणि माझा अनुभव असा की रागावलेल्या माणसाचंही पत्र आपण फोडतोच. आधी फ्रिजवर टाकतो, जेवतो, भांडी आवरतो आणि मग फोडतो. तू तसंच कर. आधी जेव. फोन तू उचलत नाहीस आणि का उचलावास, ते मला कळतं. फोनवर मी काय बोलले असते कोण जाणे; फोनवरच्या माझ्या बोलण्याचा काही भरवसा नाही, हे तुलाही आता कळलं आहे. म्हणून कागद घेतला.

तुझी नोकरी गेल्याचं मला सतरा तारखेला कळलं. तुझ्या जागी रुपाली नावाची मुलगी आली होती, उरलेली पॅकेटं आणि आमची कार्डं गोळा करायला. चांगली आहे, पण चप्पल दाराबाहेर काढायला सांगावी लागली. चहा पिता पिता म्हणाली, नेरिसा मॅडमना बंद केलं, तुमच्या माळ्याचे फॉर्म त्यांनी घरी बसून भरले असं ऑफिसला वाटतंय. तू एकही फॉर्म घरी बसून भरला नाहीस, हे माझ्याइतकं जगात कुणाला ठाऊक नसेल. दर गुरुवारी माझगावहून येऊन तीन जिने चढलीस, गुडघ्यावर फळी ठेवून माझ्यासमोर लिहिलंस. तुझ्या कागदांत त्यांना जी चूक सापडली, ती माझ्या घरात झालेली आहे. कशी झाली ते सांगायला बसले आहे. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो ते तू जाणतेस. नाक वाहतं का विचारलंस की मी कणकवलीच्या माहेरापासून सुरुवात करायची, आणि तू पेन टेकवून थांबायचीस. आताही थांब थोडी.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो का? नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. खांद्याला निळी पेटी, गळ्यात ओळखपत्र, आणि आल्या आल्या मला आंटी म्हणालीस. मी म्हटलं, आंटी तुमच्या माझगावात, इथे मावशी. त्यावर तू हसलीस आणि त्यानंतर कधी चुकली नाहीस. अकरा खोल्यांतून पन्नाशीच्या पुढचं एकेक माणूस तू निवडलंस, आणि आम्हा सगळ्यांना माझ्या दारात बसवून समजावलंस की ह्या चांदीच्या रंगाच्या पॅकेटात दह्यातल्यासारखे चांगले जंतू आहेत, जिवंत आहेत, रोज एक पॅकेट गार पाण्यातून घ्यायचं, गरम चहात टाकून मारायचे नाहीत. हे जंतू पोटात राहिले तर सर्दी-खोकल्याच्या विषाणूंपासून राखण होते का, ते बघायचं आहे. मालननं लगेच विचारलं की पोटात बसलेल्यानं नाकाची राखण कशी करायची. तू क्षणभर विचार केलास आणि म्हणालीस, "मावशी, जिन्यावरून कोण चढतंय ते आत बसलेल्या म्हाताऱ्यांनाच पहिलं कळते ना? तसंच." सगळा माळा हसला. तुझ्या पेटीवर आमचा विश्वास बसला तो त्या वाक्यावर, तुझ्या इंग्रजी कागदावर नव्हे.

मग तू दुसरी गोष्ट सांगितलीस आणि माझं डोकं फिरलं. निम्म्या पॅकेटांत जंतू आहेत आणि निम्म्यांत नुसती पिठी. बाहेरून सारखी, चवीला सारखी. कुणाला कुठलं ते तुला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही, फक्त कॉम्प्युटरला माहीत. मी तुला तिथल्या तिथे सुनावलं की नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी पॅकेटं म्हाताऱ्या माणसांना वाटायला तुम्हाला काही वाटत नाही का. तू रागावली नाहीस. तू म्हणालीस, "नायतर कळणार कसं मावशी? ज्यानं खाल्लं तो बरा राहिला, तर खाल्लं म्हणून राहिला का तसाच राहिला असता, ते कसं कळणार?" मी मान हलवली. मला पटलं म्हणून नाही, तुझं कुकरच्या शिट्टीसारखं चाललेलं बोलणं थांबावं म्हणून. ते मला पटलं पुढे सहा महिन्यांनी, आणि फार महागात पटलं.

मालनबद्दल तुला थोडं सांगायला हवं, कारण तुझ्या फॉर्मात ती म्हणजे खोली पस्तीस, वय सत्तर, 'छातीचा जुना त्रास' एवढीच होती. हा जुना त्रास म्हणजे गिरणी. वाइंडिंगला होती ती, कापसाची धूळ छातीत गेली ती तिथेच राहिली. गिरणी गेली, चिमणी गेली, त्या जागी काचेचे टॉवर आले, आणि मालनच्या छातीतला कापूस काही निघाला नाही. दर थंडीत तिला साधी सर्दी झाली की चौथ्या दिवशी छातीत शिट्टी वाजायला लागते आणि आठव्या दिवशी आम्ही टॅक्सीत असतो. आमच्या खोल्यांच्या मधली भिंत पातळ आहे. एकेचाळीस वर्षं मी तिचा खोकला ऐकते आहे. कुठला खोकला पाण्यानं जाईल आणि कुठल्याला टॅक्सी लागेल, हे मला भिंतीच्या अलीकडून कळतं.

साथीच्या दुसऱ्या वर्षी ह्यांना नेलं, ते मी तुला ओझरतं सांगितलं होतं. सगळं नव्हतं सांगितलं. ह्यांना पांढऱ्या झग्यातली माणसं घेऊन गेली आणि मला चौदा दिवस खोलीत बंद राहायला सांगितलं. ह्याच आमच्या माळ्यावर, जिथे मीठ संपलं तर कुणी विचारतही नाही, सरळ डब्यात हात घालतं, तिथे माझ्या दारासमोरून जाताना लोक कठड्याला चिकटून चालायचे. मी त्यांना दोष देत नाही, मीही तशीच चालले असते. पण दुपारी बरोबर साडेबाराला माझ्या उंबऱ्यावर वाटी टेकल्याचा आवाज यायचा, तीनदा कडी वाजायची, आणि मी दार उघडेपर्यंत मालन कठड्याच्या टोकाला जाऊन उभी असायची. दहीभात. चौदा दिवस दहीभात, कारण माझ्या तोंडाची चव गेली होती आणि घशाखाली दुसरं काही उतरत नव्हतं. तसली छाती घेऊन ती रोज माझ्या दारापर्यंत आली. नवव्या दिवशी हे गेल्याचा फोन आला. मला शेवटचं बघायलाही मिळालं नाही. त्या दिवशीही वाटी आली, आणि मालन कठड्याशी उभी राहून मी जेवेपर्यंत हलली नाही. चौदा दिवसांनी दार उघडलं तेव्हा घरातलं दूध, दही, सगळं संपून गेलं होतं. मालननं तिच्या दह्यातलं चमचाभर विरजण दिलं आणि माझ्या घरात पुन्हा दही लागलं.

हे एवढं सांगितलं ते मला चांगलं म्हणावंस म्हणून नव्हे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो, तशी माझी गत होती. श्वासाचा, घशाचा, विषाणूचा विषय निघाला की माझी अक्कल गहाण पडते. आता ऐक काय झालं ते.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सकाळी तू येऊन गेलीस. माळ्यावरच्या बायकांनी तुला विचारलं होतं की हे पॅकेट उपवासाला चालतं का, आणि तू गंभीरपणे डॉक्टरांना फोन लावला होतास. संध्याकाळी मी लक्ष्मीची पूजा मांडली, पंचामृत केलं, आणि त्यात घरातलं होतं नव्हतं तेवढं सगळं दही घातलं. विरजणापुरतं ठेवायचं विसरले. लक्षात आलं तेव्हा दिवे लागून गेले होते. तुला कदाचित ठाऊक नसेल, आमच्यात दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ, पांढरं म्हणून काही घराबाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. एरवी मालननं शास्त्र बाजूला ठेवून दिलं असतं, पण मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मी घरात बसलेली असताना मी तरी कुठल्या तोंडानं मागणार? कोमट दूध पातेल्यात तयार. समोर फळीवर तुझी चांदीची पॅकेटं. तूच सांगितलं होतंस की आत दह्यातल्यासारखे जंतू आहेत, जिवंत आहेत. मी त्या दिवशीचं पॅकेट अजून घेतलं नव्हतं. फाडलं आणि दुधात घातलं.

सकाळी बघते तर पातेल्यात कवडी दही. सुरी लावली असती तर वडी पडली असती. मला इतकी मौज वाटली की तसंच पातेलं उचलून मालनकडे नेलं. तिनं बोटानं चाखलं, म्हणाली की तुझ्या हातचं इतकं चांगलं दही आजवर कधी लागलं नव्हतं. मग तिनंही त्या दिवशी आपलं पॅकेट दुधात घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पातेलं घेऊन माझ्या दारात उभी, चेहरा उतरलेला. "गो कालिंदी, माजा दूध दूधच रवला," म्हणाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या संध्याकाळी ते दूध नासलं. आम्ही दोघी त्या नासक्या दुधाकडे बघत बसलो. दोघींना एकदमच कळलं. माझ्या पॅकेटात जंतू आहेत, तिच्या पॅकेटात पिठी.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? तुझ्या शास्त्राप्रमाणे गप्प बसायला हवं होतं, हे आज मला कळतं. पण जिची छाती दर थंडीत शिट्टी मारते तिला पिठी, आणि मला, जिला शिंक आली तर वर्षाची बातमी, मला खरं पॅकेट. कॉम्प्युटरला काय माहीत कोण कुठल्या भिंतीपलीकडे खोकतं. मी दुसऱ्या सकाळी माझ्या दह्याचं विरजण मालनला दिलं. त्या दिवसापासून माझं रोजचं पॅकेट मी पाण्यातून घेतलं नाही, सगळं दुधात गेलं, आणि त्या पातेल्यातलं मोठं अर्धं पस्तीस नंबरला जाऊ लागलं.

तेवढ्यावर राहिलं असतं तर दोन खोल्यांचं पाप होतं. पण आमच्या माळ्यावर एका घरात फोडणी पडली की दहा घरांना ठसका लागतो. आठवड्याभरात अकराही खोल्यांत दुधाची परीक्षा झाली. सहा ठिकाणी दही लागलं, पाच ठिकाणी नाही. ज्या सहांकडे लागलं त्यांनी ज्या पाचांकडे नाही लागलं त्यांना विरजण दिलं. कुणी कुणाला सांगितलं नाही, सभा भरली नाही. विरजण मागितलं की द्यायचं, ते कधी मोजायचं नाही, एवढंच आम्हाला येतं. नाताळानंतर तू तुमच्या तळलेल्या गोड कलकलांची आणि केकची बशी घेऊन आलीस, तेव्हा ती बशी रिकामी कशी परत द्यायची म्हणून मी तुझ्या आईसाठी वाटीभर दही दिलं. ते तेच दही. डोरिसबाईंनी निरोप पाठवला की फार छान आहे, विरजण म्हणून ठेवलंय. म्हणजे जी मुलगी मोजायला येत होती तिच्याही घरात मी ते पोचवलं. त्या वाटीवर ह्यांचं नाव कोरलेलं आहे, बा. स. घाडी. बघितलं असशील.

तू दर गुरुवारी पाच प्रश्न विचारायचीस. ताप आला का, खोकला झाला का, नाक वाहिलं का, घरात आणखी कुणी आजारी आहे का, आणि पॅकेट रोज घेतलं का. पाचव्याला मी म्हणायची, हो, रोज. मग तू फळी माझ्याकडे वळवायचीस आणि मी सही करायची. पहिले दोन फॉर्म खरे होते. पुढचे बावीस खोटे. मी स्वतःला समजवायची की पोटात गेलं म्हणजे घेतलंच की, पाण्यातून काय आणि दह्यातून काय. पण तसं असतं तर तुला पाहून पातेल्यावर झाकण का ठेवलं असतं? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि ती थंडी तशीच गेली ग. मालन एकदाही खोकली नाही. म्हणजे सकाळी घसा साफ करायची तेवढंच, शिट्टी नाही, टॅक्सी नाही. जानेवारीत एका पहाटे मी दचकून उठले, कारण भिंतीपलीकडून काही ऐकूच येत नव्हतं. धावत गेले तर बाई चुलीशी बसून भाकरी थापत होती. मला बघून म्हणाली, काय झालं, कुणी मेलं का? मी म्हटलं, नाही, कुणी नाही मेलं. आणि तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. तिनं मला गरम भाकरी आणि दही दिलं आणि वर विचारलं की डोकं फिरलंय का तुझं. त्या थंडीइतकं सुख मला हे गेल्यापासून झालं नव्हतं. तू त्या गुरुवारी तिच्या नावापुढे चारही प्रश्नांना 'नाही' लिहिलंस, आणि तुलाही इतका आनंद झाला की तू पेन तोंडात धरून टाळी वाजवलीस. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

मग एप्रिल आला आणि गल्लीतल्या गिरण्यांत मिरच्या कुटायची यंत्रं, आमचे डंख, सुरू झाले. सगळं लालबाग शिंकायला लागलं. तू आमच्या शिंका मोजून थकलीस. ही सर्दीची शिंक की बेडगी मिरचीची, ते ठरवताना तुझंच नाक लाल. शेवटी तू प्रामाणिकपणे समासात लिहिलंस, 'शिंका: मिरचीमुळे.' नऊ खोल्यांच्या कागदांवर तेच. रुपाली म्हणाली की त्यावरच ऑफिसचा पहिला संशय गेला. वातानुकूलित खोलीत बसलेल्या माणसाला मिरचीची शिंक कुठून कळणार. दुसरा संशय असा की बाकीच्या इमारतींत काही ना काही फरक दिसतो, आमच्या माळ्यावर मात्र पिठीवाले आणि जंतूवाले अगदी सारखे, आणि दोघांनाही सर्दी-खोकला कमी. इतकं सुबक खरं नसतं, मुलीनं घरी बसून टिका मारल्या असणार. हे सगळं रुपाली माझ्या पाटावर बसून सांगत होती, आणि मी तिला आणखी एक खारी हवी का विचारत होते. एवढंच विचारलं मी तिला. गेली ती.

पुढचे आठ दिवस मी गप्प राहिले. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. माळ्याचं नाव खराब होईल, दहा घरांतल्या बायका मला काय म्हणतील, ऑफिसवाले पोलिसात देतील का, असलं काय काय मनात आलं. शेवटी मालनला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जीव माजो, आनि नोकरी त्या चेडवाची?" मग उठून ट्रंकेतली चांगली साडी काढायला लागली.

परवा मंगळवारी आम्ही दोघी तुझ्या ऑफिसात गेलो. मालन प्रत्येक जिन्यावर थांबत उतरली. मोठ्या डॉक्टरांनी आधी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि मग कपाळाला आठ्या घातल्या. मी त्यांना पातेल्यापासून सांगितलं. त्यांना वाटलं असावं की म्हातारी मुलीला वाचवायला आली आहे. म्हणाले, कुणाकडे दही लागलं होतं, खोल्या सांगा. मी सांगितल्या: तीस, बत्तीस, चौतीस, छत्तीस, सदतीस, चाळीस. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. आता त्यात कुणाला काय दिलं ते दिसतं म्हणे. एकेक नंबर बघत गेले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. सहाच्या सहा बरोबर होते. जी गोष्ट त्यांना महिनाभरापूर्वी कळली, ती आमच्या पातेल्यांना डिसेंबरात कळली होती. मी म्हटलं, नेरिसाला ह्यातलं काही माहीत नव्हतं, तिचे फॉर्म खरे आहेत, आमची उत्तरं खोटी आहेत. त्यांनी विचारलं, दही आणखी कुणी खाल्लं? मी काही बोलायच्या आत मालन म्हणाली, "त्या चेडवाच्या आवशीन पन." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण मला वाटतं त्या हाताआड ते हसले.

सगळं त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली, मालननं केली. तुझ्यावरचा ठपका काढून तसं पत्र तुला पाठवतो म्हणाले. आलं नाही तर मी पुन्हा जाऊन खुर्चीत बसणार आहे, पोस्टातल्या माणसाला वाट बघता येते. उठताना मी त्यांना विचारलं की मालन ह्या दह्यानंच बरी राहिली का. ते म्हणाले, "सांगता नाही येणार आजी. तुमच्या माळ्याचा हिशोब आता बाजूला काढावा लागेल. सगळ्यांनीच खाल्लं, तर कशाशी ताडून बघणार?" अगदी तुझंच बोलणं. टॅक्सीत मी मालनच्या हाताकडे बघत होते. ती वाचली ती दह्यानं की नुसती थंडी कमी होती म्हणून, हे कळायची एकच वाट होती, आणि ती मी मोडली. येत्या थंडीत तिला काय द्यायचं, ते मला अजूनही ठाऊक नाही. दुसऱ्या कुठल्या माळ्यावर दुसरी एखादी मालन खोकत असेल, तिलाही आमच्यामुळे काही कळणार नाही. तुझ्या पेटीतली निम्मी पॅकेटं नुसत्या पिठीची कशासाठी होती ते मला तेव्हा समजलं. तरीही खरं सांगू? उद्या पुन्हा तसंच पातेलं समोर आलं आणि पलीकडे मालन असली, तर मी विरजण देईन. फक्त तुला सांगून देईन.

पण हे सगळं ऑफिसातल्या कागदावर आहेच, तुला तिथूनही कळलं असतं. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे आणि ते त्या कागदावर नाही. मे महिन्याच्या शेवटी तू मला फोन केला होतास. तुझा आवाज नेहमीचा नव्हता. काय झालं ते तू सांगितलं नाहीस, नुसतं विचारलंस, "मावशी, एकदम खरं सांगा, पॅकेट रोज घेत होता ना तुम्ही?" समोर फळी नव्हती, फॉर्म नव्हता, ऑफिसचं कुणी ऐकत नव्हतं. तू फक्त मला विचारत होतीस. आणि मी म्हटलं, हो ग बाई, रोज. तू म्हणालीस, "थँक यू मावशी, मग मी तसंच सांगते त्यांना." माझ्या शब्दावर तू उभी राहिलीस आणि मी खालून पाट ओढला. बावीस सह्यांपेक्षा मला तो एक हो छळतो. आज गुरुवार आहे. अकरा वाजले, जिन्यावर कुणी चढलं नाही, तेव्हा मीच तुझे प्रश्न घेऊन बसले. ताप नाही. खोकला मला नाही, भिंतीपलीकडेही नाही. नाक वाहतंय, सकाळी हे पत्र सुरू केल्यापासून. समासात काय लिहायचं ते तू ठरव. घरात आणखी कुणी नाही, तू विचारायचीस तेव्हा मी हसून मालनचं नाव सांगायची, तेच आजही सांगते. राहिला पाचवा प्रश्न. पहिले दोन आठवडे घेतलं. त्यानंतर नाही, नेरिसा, एकही दिवस नाही. खाली सही करते आहे.

तुझीच,
कालिंदीमावशी

कालिंदी बाबुराव घाडी
खोली क्रमांक ३४, तिसरा माळा